विश्लेषण : अलिबागमध्ये ‘पार्किंगसह’ भाड्याचे घर मिळणे कठीण का?

रायगड जिल्ह्याचे मुख्यालय असलेल्या अलिबागमध्ये बदली होऊन येणाऱ्यांना घर शोधताना भाडे आणि पाणी यांच्या जोडीला तिसरा प्रश्न पडतो : गाडी कुठे लावायची? जाहिरातीत ‘पार्किंगसह’ असे लिहिलेले असते. पण ती जागा नेमकी कोणाची आणि ती भाडेकरूला देण्याचा अधिकार कोणाला, हे तपासले नाही तर पंचाईत होते.

गाडीशिवाय का भागत नाही?

अलिबागला प्रवासी रेल्वे नाही. पेण किंवा पनवेल गाठायचे तर एसटी किंवा स्वतःचे वाहन हेच पर्याय. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, न्यायालय, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि थळचा आरसीएफ प्रकल्प यांमुळे नोकरदारांची ये-जा सुरूच असते. नगरपालिकेची हद्द मात्र छोटी आहे. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे २० हजार होती. त्यामुळे वस्ती चेंढरे, वरसोली, कुरुळ या लगतच्या गावांकडे पसरली.

ताण कशामुळे वाढला?

मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सेवा सुरू झाली आणि मुंबईकरांना गाडीसह समुद्रमार्गे येणे शक्य झाले. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाल्याने रस्त्याचा प्रवासही सोपा झाला. अलिबाग हे शनिवार-रविवारच्या घराचे ठिकाण बनले. अशा घराचा मालक आठवडाभर नसला, तरी त्याची पार्किंगची जागा राखीवच राहते. शिवाय पर्यटकांना दिवसाच्या दराने घर देणे परवडत असेल, तर वर्षभराचा भाडेकरू मागे पडतो.

इमारतीत जागा कमी का असते?

राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत ४० ते ८० चौरस मीटर चटई क्षेत्राच्या दोन सदनिकांमागे एका मोटारीची जागा धरलेली आहे. म्हणजे मध्यम आकाराच्या सदनिकांच्या इमारतीत प्रत्येक घराला मोटारीची जागा मिळेलच असे नियमातही गृहीत नाही. जुन्या इमारती तर त्याआधीच्या नियमांनुसार बांधलेल्या आहेत.

पार्किंगची मालकी कोणाची?

सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली गृहनिर्माण संस्था या खटल्यात स्पष्ट केले, की बिल्डर मोकळी किंवा स्टिल्टखालची जागा स्वतंत्रपणे विकू शकत नाही. सोसायटी स्थापन झाल्यावर या जागांचे वाटप सोसायटी आपल्या उपविधींनुसार करते. वाहने जास्त आणि जागा कमी असतील तर वर्षाच्या मुदतीने चिठ्ठ्या टाकण्याची तरतूदही आदर्श उपविधींत आहे. हे वाटप सभासदाला होते आणि भाडेकरू सभासद नसतो. त्यामुळे घरमालकाच्या नावावर जागाच नसेल, तर त्याने तोंडी दिलेल्या ‘लावा कुठेही’ या आश्वासनाला अर्थ उरत नाही.

भाडेकरूने काय करावे?

सोसायटीने घरमालकाला जागा दिल्याचे पत्र मागावे. जागेचा क्रमांक, ती मोटारीसाठी आहे की दुचाकीसाठी आणि शनिवार-रविवारीही ती मिळेल का, हे करारातच लिहून घ्यावे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारालाही यातून सूट नाही. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. लेखी नोंदणीकृत करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध पुरावा येईपर्यंत, ग्राह्य धरले जाते.

पुढे काय?

पार्किंगच्या जागेचा पुरावा असेल तरच नव्या मोटारीची नोंदणी करण्याचा विचार असल्याचे परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी मे २०२५ मध्ये सांगितले. जपानमध्ये अशा स्वरूपाचा कायदा १९६२ पासून आहे. मात्र तेथे भाड्याने घेतलेली पार्किंगची जागाही पुरावा म्हणून चालते. अलिबागसारख्या गावात असा नियम आला, तर भाडेकरूला गाडी घेण्यासाठीही घरमालकाच्या किंवा सोसायटीच्या कागदावर अवलंबून राहावे लागेल. तेव्हा करारातील पार्किंगची ती एक ओळ आजच्यापेक्षा कितीतरी महत्त्वाची ठरेल.