तपासणीचा हक्क आणि भीतीचा बाजार

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी महाराष्ट्र सरकारने २०१९ साली नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांची नोंद झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. अंगावरून पांढरे जाते, ओटीपोट दुखते, एवढीच तक्रार घेऊन खाजगी दवाखान्यात गेलेल्या कित्येक स्त्रियांना ‘पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल’ असे सांगण्यात आले होते. फडावर एक खाडा झाला तरी मुकादम दंड कापतो आणि उचल फिटत नाही. मग कर्ज काढून एकदाची पिशवीच काढून टाकावी, हा हिशेब त्या स्त्रीने अज्ञानातून केलेला नव्हता. तिच्यापुढे दुसरा मार्गच ठेवलेला नव्हता.

ज्या रोगाची ही भीती विकली गेली तो रोग काल्पनिक नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे ८० हजार स्त्रियांचा बळी घेतला, असा जागतिक कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. परंतु सर्व कर्करोगांत टाळता येण्याजोगा म्हणून हाच विशेष प्रसिद्ध आहे. विषाणूचा संसर्ग झाल्यापासून गाठ होईपर्यंत बहुधा दहा-वीस वर्षे जातात, आणि एवढ्या अवधीत गर्भाशयमुखावरील बदल ओळखून तेथल्या तेथे नष्ट करता येतात. त्यासाठी पिशवी काढावी लागत नाही. पातळ केलेले ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधील आम्ल, लावून मिनिटभराने प्रखर प्रकाशात पाहिले की बिघडलेला भाग पांढरा दिसतो. शिकवलेली परिचारिका हे काम करू शकते.

परिचारिकाच नव्हे! मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून केलेल्या दीर्घ अभ्यासात ही तपासणी करणाऱ्या स्त्रिया दहावीपर्यंत शिकलेल्या होत्या आणि त्यांचे प्रशिक्षण अवघ्या चार आठवड्यांचे होते. त्यांनी घरोघर जाऊन बायकांशी बोलणे केले, वस्तीतच तपासणीची जागा उभी केली. बारा वर्षांच्या शेवटी, तपासणी झालेल्या वस्त्यांत या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसून आले.

तत्कालीन उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यातील गावांत बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाच्या सहभागाने झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. तेथे विषाणूची चाचणी आयुष्यात एकदाच देऊ केलेल्या ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ जणी या कर्करोगाने दगावल्या. तपासणीविना ठेवलेल्या ३१,४८८ स्त्रियांत हीच संख्या ६४ होती. खेड्यातील बाई लाजेपायी तपासणीला येत नाही, ही सबब सरकारी अहवालांत वारंवार वाचावयास मिळते. या गावांत बोलावलेल्या दर पाचांपैकी सुमारे चार स्त्रिया आल्या. तुलनेसाठी हजारो गरीब स्त्रियांना तपासणीविना ठेवण्यावर पुढे नैतिक आक्षेप घेतले गेले, आणि ते रास्त होते. पण त्या चौसष्ट मृत्यूंनी जे सिद्ध झाले त्याचा वापर न करणे हा त्याहून मोठा अपराध होय.

तो वापर किती झाला? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी केवळ १.९ टक्के स्त्रियांची ही तपासणी कधीतरी झालेली आढळली. तमिळनाडूत हे प्रमाण ९.८ टक्के निघाले, म्हणजे तेथेही दहांतील नऊ वंचितच. तीस ते पासष्ट वयाच्या स्त्रीची दर पाच वर्षांनी तपासणी व्हावी, असे केंद्र सरकारचे मार्गदर्शक धोरण २०१६ पासून आहे. कागदावर त्यात उणे काढण्याजोगे फारसे नाही. मात्र घरोघर जाऊन याद्या करणे, बायकांना केंद्रावर आणणे, हे सारे ‘स्वयंसेविका’ म्हणवल्या जाणाऱ्या आशांच्या माथी टाकलेले आहे. मुंबईच्या अभ्यासात या श्रमाला पगार होता, प्रशिक्षण होते, मागे इस्पितळ होते. तोच श्रम मानधनावर करून घ्यावयाचा आणि निष्कर्ष मात्र मुंबईसारखे हवेत, असे होणार नाही.

लसीविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. २००९ साली आंध्रातील खम्मम व गुजरातेतील वडोदरा जिल्ह्यांत मुलींवर लसीचा प्रायोगिक प्रकल्प राबवला गेला, तेव्हा वसतिगृहांतील अनेक आदिवासी मुलींच्या संमतिपत्रांवर आईबापांऐवजी अधीक्षकांच्या सह्या होत्या. संसदीय समितीने २०१३ मध्ये त्यावर कठोर ताशेरे ओढले. त्या काळात घडलेल्या मृत्यूंचा लसीशी संबंध चौकशीत आढळला नाही. दोष संमती डावलण्याचा होता. म्हणून लसीलाच विरोध करणे चुकीचे ठरेल. तिचा उपयोग विज्ञानाने मान्य केला आहे आणि २०२२ पासून पुण्यात तयार होणाऱ्या देशी लसीलाही मान्यता आहे. लस मुलींना वाचवील. त्यांच्या आयांना, आज चाळिशीत असलेल्या कोयताकरणींना, तपासणीच वाचवू शकते.

या प्रश्नावर महिला व शेतमजूर आघाड्यांतील साथींनी हंगामाचे वेळापत्रक डोळ्यांपुढे ठेवावे. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या गाव सोडतात, त्या उन्हाळ्यातच परततात. तपासणी व्हावयाची तर ती जून ते सप्टेंबर या काळात, गावातच, आणि दोष आढळल्यास उपचार त्याच दिवशी त्याच ठिकाणी, अशी झाली पाहिजे. कारण ‘पुढच्या महिन्यात या’ असे सांगितलेली स्त्री पुढच्या महिन्यात सांगली-कोल्हापुराकडच्या किंवा कर्नाटकातील एखाद्या फडावर असते. प्राथमिक आरोग्य केंद्राकडे पहिली मागणी हीच करावी, तिच्यासोबत आशांच्या वेतनाची मागणी जोडावी, आणि तपासलेल्या प्रत्येक स्त्रीच्या हाती तिच्या तपासणीचा लेखी कागद पडेल असे पाहावे. तो कागद दाखवल्यावर कोणत्याही दवाखान्याला तिला कॅन्सरची भीती घालणे सोपे जाणार नाही.