डाळीचा डबा रिकामा का राहतो?

सकस आहारावर लिहिणाऱ्यांचा श्रोतृवर्ग ठरलेला असतो. उपदेश करणारा आहारतज्ज्ञ असो, डॉक्टर असो की रविवार पुरवणीचा लेखक. त्याच्या डोळ्यांसमोर एक गृहिणी असते. तिच्या हाती पुरेसा पैसा असतो, कोपऱ्यावर प्रामाणिक वाणी असतो, दुपार मोकळी असते, आणि उणीव असते ती केवळ ज्ञानाची. हे ज्ञान तिला पाजले की कुटुंबाचे आरोग्य सुधारेल, असा एकूण विश्वास. दुसऱ्या बाजूला, श्रमिक चळवळीत वावरणाऱ्या पुष्कळ कार्यकर्त्यांची धारणा नेमकी उलट, पण तितकीच सोयीची आहे : वेतन वाढले आणि महागाई रोखली गेली की ताट आपोआप भरेल, तोवर डब्यात काय आहे आणि ते कोणी कसे शिजवले, हा खासगी प्रश्न. या दोन्ही भूमिकांतून प्रत्यक्षातले स्वयंपाकघर निसटून जाते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये आहारविषयक मार्गदर्शक सूत्रे नव्याने प्रसिद्ध केली. दोन हजार किलोकॅलरींच्या दैनंदिन आहारात धान्य २५० ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलिलिटर, डाळी-कडधान्ये अथवा अंडी, मांस, मासळी मिळून ८५ ग्रॅम, शेंगदाणे-तीळ यांसारख्या तेलबिया व कवचफळे ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम, असे प्रमाण त्यात दिले आहे. प्रमाण शास्त्रशुद्ध आहे, त्याविषयी वाद नाही. वाद सुरू होतो तो हे प्रमाण घेऊन वाण्याच्या दुकानात गेल्यावर.

पाच माणसांचे घर घ्यावे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानुसार अशा पात्र कुटुंबाला महिन्याला माणशी ५ किलो, म्हणजे २५ किलो धान्य मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य आहे. संस्थेच्या प्रमाणाने या घराला साडेसदतीस किलो धान्य लागेल. त्याचा दोनतृतीयांश भाग रेशनवर आला. ही सवलत लहान नव्हे, आणि तिची टवाळी करणाऱ्यांनी उपास काय असतो हे पाहिलेले नसते. परंतु याच घराला माणशी ८५ ग्रॅमच्या हिशेबाने महिन्याला पावणेतेरा किलो डाळी-कडधान्ये हवीत. मुले लहान म्हणून त्यातून काही वजा करावे. तरी किलोला शंभर रुपये इतका माफक भाव धरूनही हजार रुपयांच्या आसपास रक्कम एका डाळीलाच लागते. ती नसली की पोटाची पोकळी धान्याने भरून काढली जाते. भाताचा ढीग आणि त्यावर ज्यात डाळ शोधावी लागते अशी आमटी. पोट भरते, पण हरभरा, तूर, मूग यांतून मिळणारे लायसीन हे अमिनो आम्ल तांदळागव्हात तुटपुंजे असल्याने नुसत्या धान्याने शरीराची झीज भरून येत नाही. भाताबरोबर वरण आणि भाकरीबरोबर पिठले ही जोडी आपल्या आज्यांनी प्रयोगशाळेत सिद्ध केली नव्हती, परंतु प्रयोगशाळेने पुढे तिला दुजोराच दिला.

डाळ ताटातून सरकली ती गृहिणीच्या अज्ञानामुळे नव्हे. सरकारी आकडेवारीनुसार १९६१ साली देशात माणशी रोज ६९ ग्रॅम डाळी-कडधान्ये उपलब्ध होती; २००१ साली ती ३० ग्रॅमवर आली. पुढे त्यात काही सुधारणा झाली, पण १९६१ ची पातळी पुन्हा गाठली गेलेली नाही. हरितक्रांतीच्या काळात पाणी, बियाणे, हमीभाव आणि शासकीय खरेदी यांचा ओघ गहू व तांदळाकडे वळला. कडधान्ये कोरडवाहू जमिनीवर, पावसाच्या भरवशावर राहिली. ही कथा शेतकरी आघाडीवरील कार्यकर्त्यांना ठाऊक आहे.

परंतु डबा रिकामा राहण्याचे आणखी एक कारण आहे आणि ते बाजारभावाइतके चर्चिले जात नाही. ते म्हणजे खरेदीची रीत. मुंबईच्या गिरणगावातील खाणावळींचा इतिहास या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. कोकणातून, साताऱ्या-कोल्हापुराकडून आलेले हजारो गिरणी कामगार कुटुंब गावी ठेवून चाळीतल्या खोल्यांत दाटीने राहत आणि जवळपासच्या एखाद्या बाईच्या घरी जेवत. बहुधा तीही कामगाराचीच पत्नी किंवा विधवा. कामगार पैसे देणार पगार झाल्यावर, महिनाअखेर; बाईला मात्र पहिल्या दिवसापासून चूल पेटवावी लागे. मधला सगळा महिना वाण्याच्या उधारीवर चाले. उधारीवर घेणाऱ्याला दर विचारण्याचा अधिकार नसतो, मालाविषयी तक्रार करण्याचा तर नसतोच. खडे असलेला तांदूळ, किडका मूग, भेसळीचे तेल हे सर्व निमूटपणे घ्यावे लागे, आणि तेही चढ्या भावाने. उधारीही थकली की सावकार. त्याच्याकडे डोरले-पाटल्या गहाण.

अशा बाईला सकस आहाराचे धडे देऊन काय साधले असते? आमटी दाट कशी करावी हे तिला कोणी शिकवायला नको होते.

कॉ. प्रेमा पुरव यांनी नेमकी हीच गाठ ओळखली. गोव्याच्या मुक्तिलढ्यातून पुढे मुंबईच्या कामगार चळवळीत आलेल्या या कार्यकर्तीने १९७५ साली ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ स्थापन केले आणि खाणावळ चालविणाऱ्या स्त्रियांना राष्ट्रीयीकृत बँकांचे कर्ज मिळवून दिले. तारण ठेवायला या बायांजवळ काही नव्हते. एकमेकींची हमी आणि संघटना एवढेच भांडवल. हाती रोख रक्कम येताच जे बदलले ते पाककौशल्य नव्हे, तर दुकानदारापुढे उभे राहण्याची रीत. रोखीने घेणारी बाई दुकान बदलू शकते, माल परत करू शकते, एकदम पोते उचलू शकते. पोषणाच्या प्रश्नावर चळवळीने आजवर जे सांगितले, त्यात या एका कामाइतके बोलके फार थोडे असेल. आणि तरीही पक्षसाहित्यात त्याचा उल्लेख ‘महिला आघाडीचे कार्य’ या सदराखाली चार ओळींत उरकला जातो, हे खेदाने नोंदवावे लागते.

गिरण्या गेल्या, तरी खरेदीची ती रीत गेलेली नाही. इंदूरच्या वस्तीत असो, सुरतेच्या यंत्रमागावर की पुण्याच्या बांधकामावर. रोजंदारीवरचे कुटुंब आजही पाव किलो डाळ आणि दहा-वीस रुपयांचे सुटे तेल घेते, आणि किलोमागे अधिक पैसे मोजते. गरिबाला महाग पडते ते असे. यावर घरापुरता उपाय नाही, गल्लीपुरता आहे. आठ-दहा कुटुंबांनी एकत्र येऊन हंगाम संपताना, म्हणजे तूर आणि हरभरा बाजारात उतरल्यावर, घाऊक बाजारातून पोती आणावी आणि वाटून घ्यावी. संघटित वसाहतीत, युनियनच्या कार्यालयाच्या आधाराने हे सहज करता येण्याजोगे आहे. पूर्वी उन्हाळ्यात वर्षाचे भरून ठेवत. आजच्या दहा बाय दहाच्या खोलीत ते शक्य नसले तरी दोन-तीन महिन्यांचे मावते. कडधान्याला एरंडेलाचा हात लावून, वाळवलेला कडुनिंबाचा पाला घालून ठेवले तर कीड सहसा लागत नाही.

काय भरावे, याविषयी थोडे. पैसा मोजकाच असेल तर पहिला मान अख्ख्या कडधान्याला द्यावा. मटकी, मूग, हरभरा, चवळी, कोकणात कुळीथ. भिजवून मोड आणले की त्यात ‘क’ जीवनसत्त्व तयार होते आणि लोह शोषून घेण्यात अडथळा आणणारे घटक कमी होतात. त्याच पैशांत उसळ डाळीपेक्षा अधिक ताटे भरते. मग शेंगदाणे : त्यांत वजनाच्या सुमारे पाव भाग प्रथिन असते, आणि कूट भाजीत टाकायला वेगळा वेळ लागत नाही. जवस, तीळ, कारळे यांची चटणी डब्यात असावी. किनाऱ्यालगतच्या घरांना सुकट, जवळा, सुके बोंबील यांचे मोल सांगायला नको. मात्र शहरात शिकलेली पिढी त्याच्या वासाला लाजू लागली आहे आणि त्याऐवजी मुलांच्या हातात बिस्किटाचा पुडा देते. मैदा, साखर आणि तेल यांपलीकडे त्या पुड्यात फारसे काही नसते.

धान्यात ज्वारी, बाजरी आणि नाचणीला जागा हवी. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, सडलेल्या तांदळात जेमतेम दहा. बाजरीचे पीठ लवकर कडवट होते, म्हणून आठवड्यापुरतेच दळावे. या धान्यांना सरकारी कागदपत्रांत दीर्घकाळ ‘भरड धान्य’ म्हटले गेले. वस्तुतः मराठी माणसाला अशा सामान्यनामाची कधी गरज पडली नव्हती; ज्वारी ही ज्वारी होती आणि नाचणी नाचणी. २०२३ हे आंतरराष्ट्रीय वर्ष साजरे करताना त्यांना ‘श्रीअन्न’ अशी पदवी बहाल झाली. नाव मोठे झाले. भाकरी मात्र कष्टकऱ्याच्या ताटातून हॉटेलच्या दरपत्रकात गेली.

शिजविण्यातही काही हातचे राखण्यासारखे आहे. पालेभाजी आधी धुवावी, मग चिरावी. भाताची पेज ओतून देऊ नये. मेथी, माठ, शेवग्याचा पाला यांवर लिंबू पिळले तर त्यांतील लोह अंगी अधिक लागते. जेवणावर लगेच चहा घेतला तर तेच लोह बरेचसे वाया जाते. हा चहाचा मुद्दा कार्यकर्त्यांना विशेष आवडणार नाही.

आता एक अप्रिय बाब. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के. स्त्रीच्या शरीराची लोहाची गरज अधिक आहे, हे याचे एक कारण. पण ती जेवते शेवटी, हेही कारण आहे. पातेल्याच्या तळाशी उरलेला रस्सा तिचा, उसळ संपलेली. २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे दिवसाला २८९ मिनिटे त्या कामात जातात असे आढळले. घरकामात हात घालणाऱ्या पुरुषांची ८८ मिनिटे. मोड आणणे, पाखडणे, भाकऱ्या थापणे हे सर्व त्या २८९ मिनिटांत बसवायचे आहे, याचा विसर पडला तर सकस आहाराचा प्रत्येक सल्ला तिच्या पाठीवर आणखी एक ओझे ठरेल. कॉम्रेडच्या घरी वेगळे चित्र असते, असे छातीठोकपणे म्हणवत नाही. भाकरी पुरुषालाही थापता येते. खाणावळ नसलेल्या गावी कित्येक कामगार ती थापत आले आहेत.

राहिला रेशनचा प्रश्न. १९७२ साली मुंबईत महागाईविरुद्ध स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी यांच्यासारख्या वेगवेगळ्या पक्षांच्या नेत्या त्या आघाडीत एकत्र होत्या. त्या नुसत्या धान्यावर समाधान मानणाऱ्या नव्हत्या; तेल आणि रॉकेल यांचीही मागणी होती. तमिळनाडूत २००७ पासून विशेष योजनेखाली रेशनवर तूरडाळ व पामतेल सवलतीत देण्यात येऊ लागले. केरळात सरकारी दुकानांतून कडधान्यांसह निवडक वस्तू सवलतीत पुरविण्याची परंपरा आहे. ओडिशाने २०१७ पासून आदिवासी जिल्ह्यांत नाचणीची लागवड आणि खरेदी हाती घेतली. म्हणजे डाळ, तेल आणि स्थानिक धान्य रेशनवर देता येते. देशात ते कुठे ना कुठे झालेले आहे.

महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२२ मध्ये दिवाळीनिमित्त ‘आनंदाचा शिधा’ वाटण्यात आला : शंभर रुपयांत रवा, साखर, तेल आणि हरभऱ्याची डाळ. डाळ कुटुंबाला एक किलो होती. पाच माणसांच्या घरात, पोषण संस्थेच्या प्रमाणाने शिजवली तर ती अडीच दिवसही पुरत नाही.