पुतळा कोणी घडवला?

चौदा एप्रिलला आम्ही पुतळ्याला हार घालतो, मिरवणूक काढतो. पण पुतळा घडविणाऱ्याचे नाव विचारले तर दहांत नऊ जण गप्प बसतात. हैदराबादला १४ एप्रिल २०२३ रोजी बाबासाहेबांच्या १२५ फुटी पुतळ्याचे अनावरण झाले. तो साकारणारे राम सुतार आपल्या खानदेशातले, धुळ्याजवळच्या गोंदूरचे. चिरंजीव अनिल हेही त्या कामात होते.

राम सुतारांचा जन्म १९२५ चा, सुतारकाम करणाऱ्या गरीब घरात. श्रीराम जोशी या शिक्षकांनी मुलाचा हात ओळखला आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेची वाट दाखविली. १९५३ साली तेथे मेयो सुवर्णपदक मिळाले. पुढे पुरातत्त्व खात्यात असताना त्यांनी अजिंठा-वेरूळच्या भंगलेल्या मूर्तींची डागडुजी केली. जळगावहून एसटीने सहल काढून आम्ही पाहतो तीच ही लेणी! नंतर सरकारी नोकरी सोडून ते दिल्लीत पूर्णवेळ शिल्पकार झाले. (आमच्यासारख्या कारकुनाला हे धाडस झाले नसते.) शंभरी पूर्ण करून डिसेंबर २०२५ मध्ये ते गेले.

आपल्या वस्तीतही भिंतीवर कोळशाने चित्रे काढणारी पोरे आहेत. त्यांना आम्ही काय देतो? धपाटा! माता-पित्यांनी त्यांना एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना जरूर बसवावे. जयंती मंडळांनीही यंदा बुद्धविहारात मुलांच्या चित्रांचे प्रदर्शन भरवावे. सुतळी, चिमटे आणि कागद, एवढाच खर्च. डीजेच्या बिलातून सहज निघेल.