केंब्रिजचा तो एक तास

केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजचे चॅपल आणि मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर एकाच वास्तुविशारदाने रेखाटले आहेत. सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचे चॅपल १८६९ मध्ये उभे राहिले. मुंबईचा टॉवर, त्याला जोडलेले ग्रंथालय आणि शेजारचे दीक्षान्त सभागृह यांचे आराखडे त्यांनी इंग्लंडमध्ये बसून केले, आणि प्रेमचंद रायचंद व कावसजी जहांगीर यांच्या देणग्यांतून या वास्तू आकाराला आल्या. टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला. विलायतेच्या जुन्या विद्यापीठाचे रूप आपल्याकडे आले ते असे. त्या इमारतींत चालायच्या कामाचा नमुना मात्र केंब्रिजचा नव्हता. १८५७ मध्ये स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर बेतलेले होते. शिकवायचे संलग्न कॉलेजांनी आणि परीक्षा घेऊन पदवी द्यायची विद्यापीठाने, अशी ही वाटणी. तिचे फायदे होते. तिच्यामुळे थोड्या पैशांत, मोठ्या मुलखात पदवीचे शिक्षण पोचले. पण केंब्रिजच्या कॉलेजाकडून खरोखर घेण्याजोगी जी एक गोष्ट होती ती तेव्हा आली नाही आणि पुढेही आपण ती मनावर घेतली नाही. ती घेणे आजही शक्य आहे आणि वाटते तितके महागही नाही.

ही गोष्ट सहलीला गेलेल्या माणसाच्या नजरेस पडत नाही. सुट्टीत इंग्लंडला गेलेली मराठी कुटुंबे लंडनहून एक दिवस काढून केंब्रिज किंवा ऑक्सफर्ड पाहून येतात. किंग्ज कॉलेजच्या चॅपलचे पंख्यांच्या नक्षीचे दगडी छत, कॅम नदीतल्या सपाट बुडाच्या होड्या, सेंट जॉन्सचा १८३१ सालचा ब्रिज ऑफ साइज, फेलो मंडळींखेरीज कोणी पाऊल टाकायचे नाही अशी हिरवळ, हे सगळे पाहण्यासारखे आहेच. पण आपल्या शाळांना सुट्टी असते त्या एप्रिल ते जूनच्या दिवसांत तिथे परीक्षांचा हंगाम असतो आणि बरीच कॉलेजे पाहुण्यांसाठी दारे बंद ठेवतात. जुलै-ऑगस्टमध्ये दारे उघडी असतात तेव्हा विद्यार्थी घरी गेलेले असतात. म्हणजे पाहुण्याला कॉलेज दिसते ते बहुधा त्याचे काम थांबलेले असताना. चौकाच्या कोपऱ्यात, जिन्याच्या तोंडाशी, भिंतीवर काळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत नावे रंगवलेली असतात. त्या जिन्यावर कोणाकोणाच्या खोल्या आहेत हे ती पाटी सांगते, आणि अनेकदा तिच्यावर अध्यापकाचे नाव आणि विशीतल्या पोराचे नाव एकाखाली एक असते. पाहुण्याने फोटो काढायचाच तर या पाटीचा काढावा, कारण कॉलेजाचे खरे काम त्या जिन्यावरच्या खोल्यांत चालते.

केंब्रिजमध्ये ३१ कॉलेजे आहेत. व्याख्याने, प्रयोगशाळा आणि परीक्षा विद्यापीठाकडे, तर पदवीच्या विद्यार्थ्याला निवडणे, त्याला राहायला खोली देणे आणि त्याच्या सुपरव्हिजनची व्यवस्था लावणे कॉलेजाकडे. सुपरव्हिजन म्हणजे एक अध्यापक, समोर एक, दोन किंवा तीन विद्यार्थी आणि साधारण एक तास. गणिताच्या विद्यार्थ्याने उदाहरणांचा कागद सोडवून आधी पोचता करायचा असतो, इतिहासाच्या विद्यार्थ्याने वाचनाची यादी पचवून निबंध लिहायचा असतो. मग त्या लिखाणावर समोरासमोर बोलणे होते. समजा मुलीने लिहिले आहे की आयर्लंडमधल्या दुष्काळामुळे ब्रिटनने १८४६ मध्ये धान्य कायदे रद्द केले. अध्यापक विचारतो, बटाट्याचे पीक गेलेल्या शेतकऱ्याकडे धान्य विकत घ्यायला पैसाच नव्हता, तर आयातकर उठवून त्याचे पोट कसे भरणार होते? मग पंतप्रधान पील यांनी स्वतःचा पक्ष फोडून हे का केले असेल? तिला तिथल्या तिथे विचार करावा लागतो, आपलेच वाक्य मागे घ्यावे लागते किंवा नव्या आधाराने पुन्हा मांडावे लागते. शेजारी बसलेल्याने वेगळे लिहिले असेल तर वाद तिघांत रंगतो. आणि या तासाचे गुण पदवीत धरले जात नाहीत. अध्यापक शेरे लिहितो, सत्राच्या शेवटी अहवाल देतो, पण पदवीचा निकाल विद्यापीठाच्या परीक्षेवर लागतो. त्यामुळे विद्यार्थ्याला चुकायची भीती नसते आणि अध्यापकाला खूश ठेवायचे कारणही उरत नाही. सत्र आठ आठवड्यांचेच असते, पण त्या आठ आठवड्यांत लपायला जागा नसते.

ही शेकडो वर्षांची परंपरा आहे, ती आपल्याकडे कशी रुजणार, असे कोणी म्हणेल. पण सेंट जॉन्स १५११ चे असले तरी तिथली ही पद्धत आजच्या रूपात तेवढी जुनी नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे याच कॉलेजातून १८९९ मध्ये सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या पदवी परीक्षेत पहिले, झाले, जॉर्ज बर्टविसल यांच्या बरोबरीने. त्या काळच्या केंब्रिजमध्ये गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत क्रम लागत असे, आणि क्रम मिळवायचा तर विद्यापीठाबाहेरच्या व्यवस्थेत, खाजगी शिकवणीला, पैसे मोजून जावे लागे. पीटरहाउसच्या एडवर्ड राउथ यांच्या हाताखालून पंचवीसहून अधिक सीनियर रँग्लर बाहेर पडले. सेंट जॉन्सचे वेब हेही असेच नावाजलेले शिकवणीवाले. ठरावीक नमुन्याची गणिते घड्याळ लावून सोडवण्याचा तो सराव होता. लातूर आणि कोटा यांची नावे घेतली की आपल्या डोळ्यांसमोर जे उभे राहते, त्याच्याशी या चित्राचे नाते उघड आहे. ट्रिनिटीचे जी. एच. हार्डी यांच्यासारख्या गणितज्ञांनी या परीक्षेवर कडाडून टीका केली. १९०९ नंतर क्रमवार यादी जाहीर करणे थांबले. शिकवणीवाल्यांचे काम हळूहळू कॉलेजांनी स्वतःकडे घेतले आणि त्यातला घोटून घेण्याचा भाग मागे पडून चर्चेचा भाग वाढला. म्हणजे क्लासच्या विळख्यातून केंब्रिज बाहेर पडले ते शे-सव्वाशे वर्षांपूर्वी, आणि त्यासाठी तिथल्याच लोकांना भांडावे लागले. परांजपे परत आले आणि फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. त्यांच्या यशाचा महाराष्ट्राला झालेला आनंद खरा होता. पण आपण तो क्रमांक उराशी धरला आणि ज्या केंब्रिजने क्रमांकच मोडीत काढला, त्याच्याकडे पुरेसे पाहिले नाही.

पहिला मोठा आक्षेप पैशांचा. सेंट जॉन्स आणि ट्रिनिटी ही श्रीमंत कॉलेजे आहेत. जमिनी, गुंतवणूक आणि माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या यांवर ती उभी आहेत, आणि विद्यार्थ्याच्या फीमधून त्याच्या शिक्षणाचा खर्च निघत नाही असे विद्यापीठ स्वतः सांगते. आपल्या अनुदानित कॉलेजांत अध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहतात आणि तासिका तत्त्वावर काम भागवले जाते. अशा ठिकाणी दोन मुलांमागे एक अध्यापक मागणे कोणालाही थट्टा वाटेल. पण केंब्रिजमध्ये खर्च नेमका कशावर होतो ते पाहायला हवे. जुन्या इमारती सांभाळणे, खोल्या, स्वयंपाकघरे, ग्रंथालये यांत मोठा पैसा जातो. सुपरव्हिजनचा तास मात्र बरेचदा पीएचडी करणारा विद्यार्थी किंवा तरुण संशोधक तासाच्या मानधनावर घेतो. आता आपला हिशेब करू. एका विषयाला १२० मुले आहेत. सहा-सहांचे वीस गट केले आणि प्रत्येक गटाला पंधरवड्यातून एक तास दिला तर आठवड्याला दहा तास होतात. एक अध्यापक आणि दोन संशोधक विद्यार्थी हे काम वाटून घेऊ शकतात. शंभर पानांच्या पाठांतरावर घेतलेली दोन व्याख्याने कमी केली तर वेळही सापडतो. सहाजणांचा गट म्हणजे दोघांचा नव्हे, हे मान्य. पण सहाजणांत प्रत्येकाला निदान एकदा तरी तोंड उघडावेच लागते. १२० जणांच्या वर्गात तीन वर्षे एकदाही न बोलता पदवी घेता येते.

दुसरा आक्षेप न्यायाचा आहे आणि तो पैशांपेक्षा मला अधिक गंभीर वाटतो. या कॉलेजांचे दरवाजे कोणासाठी उघडे होते? अँग्लिकन पंथाबाहेरच्यांवरचे बहुतेक निर्बंध उठले ते १८७१ च्या कायद्याने. न्यूनम कॉलेजच्या फिलिपा फॉसेट यांनी १८९० मध्ये सीनियर रँग्लरपेक्षाही अधिक गुण मिळवले, तरी त्यांना पदवी मिळाली नाही. केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदव्या दिल्या १९४८ मध्ये, आणि सेंट जॉन्समध्ये पदवीच्या वर्गात मुली आल्या १९८२ मध्ये. आजही खाजगी शाळांतून आलेल्यांचे प्रमाण तिथे ब्रिटनमधल्या त्यांच्या संख्येच्या मानाने फार जास्त आहे. हा इतिहास पुसून केंब्रिजचे गोडवे गाणे चूक आहे. परंतु हा सारा अन्याय प्रवेशद्वारावरचा आहे, त्या तासातला नाही. उलट, तो तास कोणाला सर्वांत जास्त उपयोगी पडेल याचा विचार करावा. ज्या घरात आई-वडील शिकलेले आहेत, तिथे जेवताना मुलाला कोणी तरी विचारते की हे तू कशावरून म्हणतोस. ज्या घरातून पहिलीच पिढी कॉलेजात येते आहे, तिथल्या मुलीला हा प्रश्न कॉलेजाने विचारला नाही तर कोणीच विचारत नाही. राजर्षी शाहूंनी कोल्हापुरात वसतिगृहे काढली, कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि मुलांच्या राहण्या-जेवण्याची सोय हा शिक्षणाचाच भाग मानला. मुलाला जवळ ठेवून शिकवायचे, ही कल्पना आपल्याला परकी नाही. तिच्यात पदवीच्या पातळीवरचा हा तास मिळवायचा आहे, एवढेच.

आपल्याकडे अंतर्गत मूल्यमापन आहेच की, असेही उत्तर येईल. प्रकल्प, सादरीकरण, असाइनमेंट, सगळे कागदोपत्री असते. पण तिथे शिकवणाराच गुण देतो, ते गुण निकालात मिळवले जातात, आणि मग सर्वांना सरसकट भरघोस गुण देण्याचा दबाव प्राचार्यांपासून पालकांपर्यंत सगळीकडून येतो. गुण आले की मोकळी चर्चा जाते. शिवाय घरी लिहून आणलेला निबंध आता संगणकाकडून दोन मिनिटांत लिहून घेता येतो, म्हणून नुसत्या असाइनमेंटचा भरवसा उरलेला नाही. समोर बसून त्याच निबंधातल्या तिसऱ्या परिच्छेदाचा आधार सांगायला लावले, की तो कोणाचा आहे हे लगेच कळते. केंब्रिजच्या पद्धतीतही दोष आहेत. सगळेच सुपरव्हायझर सारखे नसतात, बोलक्या मुलांचे फावते, आठ आठवड्यांचा ताण काहींना झेपत नाही. गट थोडा मोठा ठेवला आणि सत्र लांबवले तर यातले निम्मे दोष आपल्याकडे सौम्य होतील.

परदेशी पाठवण्याची तयारी करणाऱ्या पालकांनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ही सुपरव्हिजन मुळात पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. आपली बहुतेक मुले इंग्लंडला जातात ती एक वर्षाच्या मास्टर्ससाठी, पुष्कळदा कर्ज काढून, आणि केंब्रिजमध्येसुद्धा अशा अभ्यासक्रमांचे शिक्षण प्रामुख्याने विभागांकडे असते. त्या मुलांना कॉलेजाची खोली, भोजनगृह आणि गाऊन मिळतो, पण दर आठवड्याचा तो तास बहुधा मिळत नाही. त्यासाठी जे वय योग्य, ते अठरा ते एकवीस, आणि त्या वयातली आपली लाखो मुले इथेच, आपल्या कॉलेजांत बसलेली आहेत. स्वायत्तता मिळालेल्या कॉलेजांना आपले वेळापत्रक आणि मूल्यमापन बऱ्याच अंशी स्वतः ठरवता येते. त्यांनी पहिल्या वर्षाचा एकच विषय निवडून, सहाजणांच्या गटांनी, गुणांशिवाय हा तास येत्या जूनपासून सुरू करावा. शासनाने आणि विद्यापीठांनी तो अध्यापकाच्या कार्यभारात पूर्ण तास म्हणून धरावा आणि संशोधक विद्यार्थ्यांना त्याचे मानधन वेळेवर द्यावे.