गृहव्यवस्था : ‘कांहींहि चालेल’

गृहिणीस दिवसाकाठीं जितके प्रश्न पडतात त्यांत अत्यंत जुना आणि अत्यंत कंटाळवाणा प्रश्न कोणता, असें कोणी आम्हांस विचारिलें तर आम्ही क्षणाचाहि विलंब न लावतां सांगूं कीं, ‘आज रात्रीं काय करावें?’ हाच तो होय. सकाळच्या स्वयंपाकाची चाकोरी ठरलेली असते. डबे भरावयाचे असतात. पोळी-भाजीपलीकडे विचार करण्यास सवडच नसते. परंतु दिवेलागण होऊन एकेक माणूस घरीं परतूं लागलें म्हणजे हा प्रश्न ओट्यापाशीं येऊन उभा राहतो. आमच्या वाचकांच्या घरीं याहून निराळें घडत असेल असें आम्हांस वाटत नाहीं; म्हणून या महिन्यांत याच विषयावर चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

या कामीं पाकक्रियांची वानवा आहे असें मुळींच नाहीं. लक्ष्मीबाई धुरंधर यांनीं ‘गृहिणीमित्र’ लिहिलें त्यास शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं, आणि त्या ग्रंथाच्या नांवांतच ‘हजार पाकक्रिया’ हे शब्द आहेत. कमलाबाई ओगले यांचें ‘रुचिरा’ १९७० सालीं निघालें व पुढें घरोघर जाऊन पोंचलें. आतां तर हातांतल्या फोनवर हवी ती कृति क्षणांत पाहावयास मिळते. इतकें असूनहि सायंकाळीं सात वाजतां एकहि पदार्थ सुचत नाहीं. यावरून अडचण कृतीची नसून निर्णयाची आहे, हें उघड आहे.

हें ज्ञान आम्हांस आपोआप झालें नाहीं. आमच्या घरीं आम्ही नऊ माणसें : आम्ही उभयतां, दोन चिरंजीव, दोन सुना, दोन नातवंडें आणि ऐंशी ओलांडलेल्या आमच्या आत्याबाई. गतवर्षीं पावसाळ्यांत एके संध्याकाळीं थोरल्या सूनबाई कचेरींतून भिजत घरीं आल्या. चपला काढीत आहेत तोंच नातवानें विचारिलें, “आई, आज जेवायला काय?” आंतून आमच्या सौ.नीं हांक मारिली, “काय ग, काय करायचं आज?” आम्हींहि वर्तमानपत्रांतून डोकें वर न काढतां तोच प्रश्न केला. सूनबाईंनीं उलट विचारिलें, “बाबा, तुम्हांला काय हवं?” आम्हीं मोठ्या उदारपणानें उत्तर दिलें, “कांहींहि चालेल.”

त्यासरशी सूनबाई दारांतल्या पायरीवरच बसल्या आणि अगदीं शांतपणें म्हणाल्या, “बाबा, स्वयंपाकाचा मला कंटाळा नाहीं. ठरविण्याचा आहे. तुम्ही सगळे कांहींहि चालेल म्हणतां, पण तें ‘कांहींहि’ रोज मलाच शोधावं लागतं.”

त्या रात्रीं आम्हांस नीट झोंप लागली नाहीं. चाळीस वर्षें हेंच उत्तर आम्ही आमच्या सौ.स देत आलों होतों, आणि तें आमच्या समंजसपणाचें लक्षण आहे असें समजत होतों. वस्तुतः त्यांत समंजसपणा फारसा नव्हता. घरांत काय आहे, काय संपलें, कोणास काय सोसत नाहीं, काल काय झालें, या सर्वांचा हिशोब एकीच्या डोक्यावर ठेवून आपण मोकळें होण्याची ती युक्ति होती. हात चालतात तें काम सर्वांना दिसतें. डोकें चालतें तें कोणासहि दिसत नाहीं.

पुढच्या रविवारीं चहानंतर सर्वजण बसलों आणि दहा मिनिटांत एक पाटी तयार केली. तींत पदार्थ ठरविले नाहींत. प्रत्येक वाराची केवळ ‘जात’ ठरविली. सोमवार खिचडीचा, मंगळवार पिठलें-भाकरीचा, बुधवार उसळीचा, गुरुवार तव्यावरच्या पदार्थांचा, शुक्रवार आमटी-भाताचा. शनिवारीं जें उरलें-सुरलें असेल तें. आणि रविवारीं दुपारचें जेवण भरपूर होत असल्यानें रात्रीं दहींपोहे, उप्पीट किंवा मेतकूट-भात. पदार्थच बांधून टाकला तर त्या दिवशीं मेथी न मिळाल्यास सारा बेत कोसळतो. जात बांधली म्हणजे पेटींत जी भाजी असेल ती खिचडींत जाते, आणि नसेल तर नुसत्या मुगाच्या डाळीचीहि खिचडी होते. वळण कायम राहतें व मोकळीकहि राहते.

कांहीं प्रमाणें पाटीच्या कोपऱ्यांत कायमचीं लिहून ठेविलीं आहेत. नऊ माणसांच्या खिचडीस मोठ्या वाटीनें तांदूळ तीन वाट्या, मुगाची डाळ दीड वाटी आणि पाणी नऊ-दहा वाट्या. आत्याबाईंस मऊ लागते, म्हणून त्यांचा वाटा निराळा काढून त्यांत आधणाचें पाणी घालून पुन्हां एकदां शिजवावयाचा. पिठल्यास एका वाटी डाळीच्या पिठाला तीन वाट्या पाणी, किंवा ताक आणि पाणी मिळून तितकेंच. हीं प्रमाणें भिंतीवर असल्यामुळें ज्याची पाळी असेल त्यास, “किती घालूं ग?” असें विचारीत कोणाच्या मागें फिरावें लागत नाहीं.

उसळीचें उदाहरण विशेष ध्यानांत घेण्याजोगें आहे. बुधवारच्या मटकीची उसळ बुधवारीं सुरू होत नाहीं. सोमवारीं रात्रीं मटकी भिजत घालावी, मंगळवारीं सकाळीं उपसून ओल्या फडक्यांत बांधावी, म्हणजे बुधवारीं सायंकाळपर्यंत चांगले मोड येतात; थंडीच्या दिवसांत आणखी कांहीं वेळ लागतो. आयत्या वेळीं उसळ सुचली तरी करतां येत नाहीं. बेताचा खरा लाभ हा आहे कीं, ज्यास वेळ लागतो पण श्रम लागत नाहींत, असें काम तो वेळेकडूनच करवून घेतो.

सोंवळें-ओंवळें पूर्वीइतकें राहिलें नसलें तरी आमच्यासारख्या घरांत व्रत-वैकल्यें आहेतच. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत आत्याबाई कांदा-लसूण खात नाहींत. पूर्वीं त्याकरितां दोन स्वयंपाक होत. आतां पिठलें वा आमटी साध्या हिंगाच्या फोडणीची करितों, त्यांचा वाटा बाजूस काढितों, आणि उरलेल्यावर लसणाची फोडणी वरून ओतितों. संकष्टीस चंद्रोदय कधीं नऊच्याहि पुढें जातो. त्या दिवशीं वार कोणताहि असो, शुक्रवारचा आमटी-भात त्या वारीं आणितों, म्हणजे आमटी आधीं करून ठेवितां येते व भाताचा कुकर मागाहून लावितां येतो. जे उशिरां परततात त्यांच्या दृष्टीनें तव्याचा वार सर्वांत सोयीचा. भाजणीचें पीठ मळून झांकून ठेवावें. येणाऱ्यानें हातपाय धुवून स्वतःचें थालीपीठ स्वतः लावावें आणि गरम गरम खावें.

येथें उरलेल्या भाताविषयीं एक सावधगिरी सांगणें अवश्य आहे. भातांत असणाऱ्या एका जातीच्या सूक्ष्म जंतूंचीं बीजें शिजवूनहि मरत नाहींत. भात उबदार हवेंत तासन्‌तास राहिला म्हणजे ते जंतु वाढतात, आणि त्यांनीं निर्माण केलेलें विष भात पुन्हां तापविला तरी जात नाहीं. याकरितां उरलेला भात पसरट भांड्यांत निववून तासा-दीड तासाच्या आंत फ्रिजमध्यें ठेवावा आणि दुसऱ्या दिवशीं फोडणी देऊन संपवावा. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात केवळ जिवावर येतें म्हणून ठेवूं नये.

परंतु नुसती पाटी पुरेशी नव्हती. पाटीवरचा वार पाहून सर्वांनीं पुन्हां सूनबाईंकडेच पाहिलें असतें तर काय साधलें असतें? म्हणून आत्याबाई सोडून आम्हां सहा मोठ्या माणसांत एकेक रात्र वांटून घेतली. शनिवार तेवढा कोणाचाच नाहीं. ज्याचा वार त्यानें आदल्या दिवशीं डबे पाहावयाचे, उणें असेल तें आणावयाचें आणि त्या रात्रीं पुढाकार घ्यावयाचा. नातवंडांनीं पानें मांडावयाचीं. आमच्या वांट्यास मंगळवार आला. पहिल्याच मंगळवारीं पिठल्यांत इतक्या गुठळ्या झाल्या कीं, आत्याबाई म्हणाल्या, “आज पिठल्यांत भजींहि घातलींस वाटतं!” पीठ आधीं गार पाण्यांत कालवून घ्यावें, हें आम्हीं वयाच्या सदुसष्टाव्या वर्षीं शिकलों.

सौ.स ही व्यवस्था प्रथम रुचली नाहीं. तिचें स्वयंपाकघर तिच्या हातांतून काढून घेतलें जात आहे असें तिला वाटलें, आणि हें वाटणें खोटें नव्हतें. ज्या ठिकाणीं मनुष्यानें आयुष्य घालविलें तेथील सत्ता एका रविवारीं सोडणें सोपें नसतें. तिच्याशीं आधीं बोलावयास हवें होतें, तें आम्ही विसरलों. शेवटीं भाजणी आणि मेतकूट तिच्याकडे राहिलें. भाजावयाचें प्रमाण व कढईचा आंच ती सांगते, आणि धाकट्या सूनबाई तें वहींत उतरून घेतात.

ही व्यवस्था प्रत्येक घरास जशीच्या तशी लागू पडेल असें आमचें म्हणणें नाहीं. कोठें आचारीण असेल, कोठें माणसें चारच असतील, कोठें भाकरीच्या जागीं पोळी असेल. वार बदलावे, जाती बदलाव्या. मात्र आमच्या वाचकांस एवढीच विनंति आहे कीं, एक महिनाभर घरांतील कोणींहि, विशेषतः पुरुषमंडळींनीं, ‘कांहींहि चालेल’ हे शब्द उच्चारूं नयेत. काय हवें तें सांगावें, आणि सांगितल्यावर उठावें.

आज सोमवार आहे. मटकी भिजत घालण्याचें काम आमच्याकडे आहे; म्हणून येथेंच लेखणी खालीं ठेवितों.