खुराड्यातील न लिहिलेला तोटा

परसातील कोंबडी ही ग्रामीण गृहिणीची हक्काची मिळकत होय. मुलाची वही, घरातले मीठमिरची, आजारपणातले एसटीचे भाडे अनेकदा अंड्यांच्या पैशातूनच निघते. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातील परसातील कोंबड्यांसारख्या पक्ष्यांची संख्या ३१ कोटी ७० लाखांवर भरली. या धनाला पोखरणारा लाल माइट मात्र कोणाच्याच हिशेबात नाही.

जेमतेम मिलिमीटरभर लांबीचा हा आठपायी जीव दिवसा खुराड्याच्या फटींत आणि दांडीखाली दडतो व रात्री कोंबडीचे रक्त पितो. साहजिकच दिवसा कोंबडी तपासणाऱ्यास काही आढळत नाही आणि अंडी घटल्याचे खापर हवेवर किंवा दाण्यावर फुटते. तुरा फिकट पडला, कोंबड्या सांजेला खुराड्यात शिरेनाशा झाल्या, की संशय घ्यावा. रात्री दांडीच्या खालच्या बाजूने पांढरे फडके फिरवावे. त्यावर रक्ताचे ठिपके उमटले, की निदान झाले.

उपचार कोंबडीइतकाच, किंबहुना अधिक, खुराड्यावर व्हावयास हवा. आतील भुसा-गवत काढून जाळावे, फटी खरवडून बुजवाव्यात, चुना द्यावा. उष्ण हवेत या किडीची नवी पिढी आठवड्या-दीड आठवड्यात तयार होते. तेव्हा एकदा औषध मारून स्वस्थ बसणे व्यर्थ. रिकाम्या खुराड्यातही ती कित्येक महिने उपाशी तग धरते.

शेतातले उरलेसुरले कीटकनाशक शिंपडण्याचा मोह मात्र महागात पडेल. २०१७ साली नेदरलँड्स व बेल्जियममध्ये याच माइटवर फिप्रोनिल हे कोंबड्यांसाठी मनाई असलेले औषध वापरले गेले. त्याचा अंश अंड्यांत उतरला आणि लक्षावधी अंडी नष्ट करावी लागली. तेथे निदान तपासणी तरी झाली. आपल्याकडे परसातले अंडे थेट घरच्या मुलाच्या ताटात जाते. म्हणून औषध व त्याची मात्रा पशुवैद्यकानेच ठरवावी, आणि औषधानंतर किती दिवस अंडी खाऊ नयेत हेही त्यानेच सांगावे.

अनुदानावर पिले वाटली, की योजना पुरी झाली असे मानण्याची आपल्या प्रशासनाची रीत आहे. वाटपाच्या दिवशीच खुराड्याची निगा शिकविली आणि गावच्या दवाखान्यात योग्य औषध ठेविले, तर खर्च नगण्य येईल. भांडवल पुरवावयाचे आणि त्याची राखण दैवावर सोपवावयाची, याला अर्थव्यवहार म्हणत नाहीत. हा तोटा कोणत्याही वहीत उतरत नाही; तो त्या गृहिणीच्या पदराच्या गाठीत उतरतो.