ब्रेक के बाद...

मनालीच्या ट्रिपचं प्लॅनिंग सुरू होतं. बर्फात गाडी कशी चालवायची, यावर ग्रुपमधल्या प्रत्येकाचं लेक्चर झोडून झालं होतं. रस्त्यावर बर्फाचा न दिसणारा पातळ थर असतो, तिथे कचकन ब्रेक मारला की खेळ खल्लास, वगैरे वगैरे. मीही मान डोलावली. आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, बॉस?

आणि माझी गाडी घसरली ती चक्क चांदवडला!

जूनमधला पहिला पाऊस. नाशिकहून मालेगावला मावशीकडे निघालो होतो. बाबांची एबीएस नसलेली जुनी गाडी, मी स्टिअरिंगवर, आई शेजारी. रेणुकामातेला गाडीतूनच हात जोडून झाले, चांदवड मागे पडलं आणि राहुड घाटाचा उतार लागला. सर नुकतीच थांबलेली, रस्ता एकदम चकाचक. काटा ऐंशीवर. तेवढ्यात पुढच्या ट्रकचे लाल दिवे लागले आणि मी ब्रेकवर अक्षरशः उभी राहिले.

चाकं थांबली, गाडी नाही! स्टिअरिंग डावीकडे फिरवतेय आणि गाडी आपली सरळ ट्रककडे. आई ओरडली नाही. तिने फक्त माझ्यासमोर हात आडवा धरला, लहानपणी धरायची तसा. घाबरून माझा पाय ब्रेकवरून सुटला. त्याच क्षणी चाकं फिरायला लागली, गाडी डावीकडे वळली आणि साइडपट्टीच्या चिखलात जाऊन थांबली.

मी वाचले ती स्किलमुळे नाही, चुकून.

फंडा सिंपल आहे. उन्हाळाभर रस्त्यावर साचलेलं ऑइल, धूळ आणि टायरचं रबर पहिल्या पावसात कालवलं जातं आणि रस्त्याला साबण लावल्यासारखं होतं. जाम झालेलं चाक वळत नाही, नुसतं घसरतं. म्हणून एबीएस नसेल तर ब्रेक सोडून पुन्हा हलके दाबायचे. एबीएस असेल (2019 पासून नव्या गाड्यांना ते सक्तीचं आहे) तर पाय दाबून धरायचा आणि जायचं तिकडे बघत स्टिअरिंग वळवायचं. उतारावर पेट्रोल वाचवायला न्यूट्रल? विसरा. गिअर खाली टाका, इंजिनच गाडीला आवरतं. आणि स्पीड दुप्पट झाला की थांबायला चौपट अंतर लागतं, ओल्या रस्त्यावर त्याहून जास्त. टायर गुळगुळीत झाले असतील तर विचारूच नका.

अपघात झाला की पेपरात ठरलेलं वाक्य येतं, 'चालकाचा ताबा सुटला'. मीही ते चहासोबत वाचून पान उलटायचे. आता कळतं, ताबा त्या सेकंदाला सुटत नाही. तो आधीच, काटा ऐंशीवर असताना सुटलेला असतो.

मनालीला जाऊन आलो. बर्फात गाडी तिथल्याच ड्रायव्हरने चालवली, अगदी मुंगीच्या पावलांनी. आम्ही कुणी हसलो नाही.

आई अजूनही माझ्या शेजारी बसते. घाट आला की तिचा हात नकळत थोडा पुढे सरकतो. मी काही बोलत नाही. गिअर खाली टाकते.